समासातली पेन्सिल

आत्यांनी तीस वर्षं कंप्युटर दुरुस्त केले. कचेऱ्यांनी टाकून दिलेली सात जुनी यंत्रं त्यांनी घरी आणली, चालती केली आणि मागच्या खोलीत मांडली. त्यांची जाडजूड माहितीपुस्तकंही फळीवर ओळीने होती. प्रत्येकाच्या समासात आत्यांची पेन्सिल फिरलेली: कुठला स्क्रू हट्टी, कुठली तार आधी काढायची. लग्न केलं नाही म्हणून नातेवाइकांनी आयुष्यभर हळहळून घेतलं. खुद्द आत्यांना हळहळायला कधी सवडच झाली नाही.

आता भाच्याला ती खोली हवी होती. घरात बाळ येणार होतं, तेव्हा त्याचंही काही चुकत नव्हतं.

"आत्या, रविवारी भंगारवाला येतोय," त्याने बजावलं. "त्याआधी कुणाला द्यायचं ते देऊन टाक."

आत्यांनी पंधरवडाभर फोन करून ओळखीच्यांना भंडावून सोडलं. एक हॉटेलवाला आला. आतलं सामान काढून त्यात फुलझाडं लावणार म्हणाला. त्याला त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

शनिवारी संग्रहालयातले साहेब आले. सातही यंत्रं नेतो म्हणाले, तसा भाच्याचा जीव भांड्यात पडला. मग साहेबांनी पुस्तकं चाळली आणि नाक मुरडलं.

"ही नकोत. खरडून ठेवलीत. आमच्याकडे कोऱ्या प्रती आहेत."

"मग यंत्रंही मिळणार नाहीत," आत्या म्हणाल्या.

"अगं आत्या, उद्या सगळं भंगारात जाईल!" भाचा कळवळला.

"जाऊ दे. पुस्तकांवाचून नेलीत तर पहिल्या बिघाडाला बंद पडतील ती, आणि मग बंदच राहतील. त्यापेक्षा भंगार बरं. तिथे निदान जपल्याचं सोंग तरी नाही."

आत्यांनी एका यंत्राचं झाकण काढलं आणि फ्लॉपीची चपटी केबल उपटून साहेबांच्या हाती दिली.

"लावा तुमच्या कोऱ्या पुस्तकाप्रमाणे."

साहेबांनी मोबाइलवर कोऱ्या प्रतीचं पान शोधलं, छापील चित्रात होती तशी केबल बसवली, बटण दाबलं. फ्लॉपीचा दिवा लागला तो लागलाच. ना खरखर, ना पडद्यावर अक्षर. तीनदा करून पाहिलं. शेवटी साहेबांनी हात टेकले. तेव्हा आत्यांनी आपलं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्याच चित्रावर पेन्सिलीने काट मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं: 'केबलची लाल कड उजवीकडे. छापणाऱ्याचं चुकलंय. माझा अख्खा दिवस गेला.'

साहेबांनी केबल फिरवून लावली. यंत्र खरखरलं, पडद्यावर अक्षरं उमटली.

"पुस्तकंही नेतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "काचेच्या कपाटात नीट ठेवू."

"काचेत नाही! टेबलावर, यंत्रासमोर, उघडी ठेवायची. शेजारी एक पेन्सिल. कबूल असेल तर उचला."

साहेबांनी पुस्तकं उचलली. "कबूल. पण बाई, लोक त्यात काहीबाही लिहितील हो!"

"लिहू देत. माझं चुकलं असेल तिथे माझ्यावरही काट मारू देत," आत्या म्हणाल्या. "त्यासाठी आधी यंत्र चालू करावं लागेल त्यांना."