पाखरांचा पंचनामा

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, या भूतलावर सपाट पायवाटेइतकी लबाड वस्तू दुसरी नाही. डोंगर निदान प्रामाणिक असतो, आपण उंच आहोत हे तोंडावर सांगतो. पालमच्या पुढे फाट्यावर एसटीतून उतरून गंगेच्या, म्हणजे आमच्याकडच्या गोदावरीच्या, काठाने जी वाट जाते, तिच्यावर मात्र पहिल्या पावलापासून सगळं दिसत असतं. बाभळी, पाणकणीस, बंधाऱ्यामागचं पसरलेलं पाणी. आणि तासभर चाललं तरी त्यातलं काहीही जवळ येत नाही.

“ते काय, दिसायलंय की. पाचच मिनिटं.”

हे वाक्य आमच्या शेजारच्या मामांचं. मामा कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. हयातभर कालव्याच्या भरावावरून चालल्यामुळे त्यांची पाच मिनिटं आणि आपली पाच मिनिटं यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दर हिवाळ्यात एका रविवारी ते मला आणि माझ्या बायकोला त्या वाटेने हाकत नेत. आम्ही हौसेने जात होतो असा कुणाचा गैरसमज नको. आम्ही पंच होतो.

कारण मामा पाखरांचा पंचनामा करत. हो, पंचनामा! लांबट वहीत ‘आज रोजी आम्ही पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की’ अशी सुरुवात. मग पक्ष्यांची नावं, संख्या. शेवटी ‘समक्ष पाहिले’, त्याखाली मामांची सही आणि पंच क्रमांक एक व दोनच्या सह्या. नोकरीत त्यांनी बांधावर स्वतः उभं राहिल्याशिवाय कुणाचं भिजलेलं रान कागदावर घेतलं नव्हतं. मग हिमालय ओलांडून आलेल्या पाव्हण्यांना तरी सवलत कशाला? पाव्हणे म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस. पाण्यातल्या गाळाच्या बेटावर ते निवांत बसून असत आणि आम्ही काठावर उपाशी.

उपाशी, कारण मोजणी पुरी झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही असा नियम होता. लाल कपडे नकोत, हाही नियम. आणि सगळ्यांत मोठा नियम, आवाज करायचा नाही. मी पेशाने गणिताचा मास्तर. मी मोजून आकडा सांगितला की मामा मान न वळवता पुटपुटत, “गुर्जी, परत मोजा.” परत मोजून तोच आकडा आला तर त्यांना जास्तच संशय यायचा.

शेवटच्या खेपेला मात्र मामा वाटेत थांबून म्हणाले, “बगळा बघा, कसा ध्यान लावून बसलाय.”

मी पाहिलं. बेशरमाच्या झुडपाला खताचं रिकामं पोतं अडकलं होतं.

मी खो खो हसलो. नियम मोडला म्हणून मामा रागावतील असं वाटलं. ते डोळे किलकिले करून त्या पोत्याकडेच बघत होते. बायकोने मला कोपर मारलं आणि हळूच विचारलं, “मामा, डोळ्याला काय झालंय?”

“काचबिंदू म्हणतेत, बाई. गेलेली नजर माघारी येत न्हाई म्हणे.” मग वही काखेत घट्ट धरून म्हणाले, “यंदाची सही तेवढी व्हावी. मंग न्हाई आलो तरी चालंल.”

काठावर पोचलो. पाव्हणे बेटावर हजर होते. मामांनी दुर्बीण लावली. अर्धा तास झाला. ऊन डोक्यावर आलं, पायात गवताची कुसळं टोचत होती, पोटात कावळे ओरडत होते आणि मामा दुर्बिणीचं चाक इकडून तिकडे फिरवत होते.

“एकशे बारा हायेत, मामा,” मी शेवटी म्हणालो. “लिहा अन् सही करा.”

“तुमी पाह्यले. मी न्हाई.”

“अहो, मी काय खोटं सांगायलोय का?”

“न्हाई हो. पण वर काय लिव्हलंय? समक्ष पाहिले. मला नुसतं पाणी चकाकायलेलं दिसतंय.” त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

माझं डोकं फिरलं. पाखरं समोर, आकडा तयार, दोन पंच हजर आणि हा माणूस बिनसहीचं पान घेऊन घरी निघालेला! “धन्य आहे तुमची!” असं ओरडत मी हातातला भाकरीचा स्टीलचा डबा दगडावर आपटला.

त्या आवाजाने अख्खं बेट उठलं. आंग आंग करत सगळा थवा वळला आणि थेट आमच्या डोक्यावरून गेला, इतका खालून की पंखांचा वारा लागला. बायकोने पदर डोक्यावर ओढला. मामा टोपी काढून, तोंड वर करून उभे होते. थवा गेल्यावरही बराच वेळ तसेच.

आता शिव्या पडणार म्हणून मी भाकरी गोळा करायला लागलो. पण मामांनी वही उघडली, बोटाने ओळ चाचपली, ‘पाहिले’ खोडलं आणि वर वाकडंतिकडं लिहिलं, ‘ऐकले’. खाली ठसठशीत सही केली.

“आकडा तुमी लिव्हा, गुर्जी,” ते म्हणाले. “पण आता परत कशाचं मोजताव? उडवून दिले की तुमी.”

परत मोजल्याशिवाय आकडा वहीत चढत नसे, म्हणून तेवढी एकच नोंद आकड्याविना राहिली. त्या पावसाळ्यात मामा गेले. वही त्यांच्या लेकाने आमच्याकडे आणून दिली.

यंदाच्या हिवाळ्यात आम्ही दोघंच गेलो. वाट तेवढीच लांब, तेवढीच सपाट. मी बेटाकडे एकदा नजर फिरवली, नव्वद लिहिले, सही ठोकली आणि वही बायकोपुढे सरकवून डब्याला हात घातला. पंच क्रमांक दोन सही करेना. बेटाकडे बघत ती ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. चोवीस वर्षांच्या संसारात मला ‘अवो’शिवाय दुसरी हाक न मारलेली ही बाई, आवाजाचा नियम विसरून एकदम मोठ्याने म्हणाली, “गुर्जी, परत मोजा!”