बाबांच्या नावावरचा पेपर

काळजी करण्यात आमच्या मेहुण्याचा हात धरील असा माणूस वसईत अजून जन्माला यायचाय. हा रेणूंचा शास्त्रज्ञ. मुंबईच्या एका संस्थेत पेशीतल्या कुठल्याशा प्रथिनामागे वीस वर्षं लागलाय. त्या प्रथिनाचं काय व्हायचं ते होवो, याचा जीव टांगलेला असतो सायटेशनला. म्हणजे याच्या पेपरचा दुसऱ्या शास्त्रज्ञाने आपल्या पेपरात उल्लेख करणं. सकाळी तोंडात ब्रश धरून हा मोबाइलवर आकडा बघतो, आणि तो हलला नसेल तर चहासुद्धा नको म्हणतो. आमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात दिली तर आधी निमंत्रकांची नावं वाचली आणि तोंड पाडून म्हणाला, "भावोजी, सख्खा मामा, आणि चौथा ऑथर?" मी खापर छापखान्यावर फोडून मोकळा झालो.

यंदा मात्र त्याची झोप खरोखरच उडालीय. प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर आहे, वयाच्या हिशेबाने ही शेवटची संधी, आणि समिती आधी सायटेशन बघणार. नेमका त्याचा सगळ्यात गाजलेला पेपर त्याच्या नावावर नाही. तो पाठवताना याने शाळेपासूनच्या सवयीने आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं लिहिलं, आणि परदेशातल्या मंडळींनी शेवटचा शब्द आडनाव समजून उचलला. तेव्हापासून तो पेपर माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे 'मोरेश्वर' यांच्या खाती आहे. सासरे चौथी शिकलेले, केळीची वाडी करतात. सायटेशनमध्ये मुलगा त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. हे इतकी वर्षं त्याने लाजेकाजेस्तव दाबून ठेवलं, आणि आता दुरुस्ती मागितली तर त्या मासिकाने उलट 'मूळ लेखक मोरेश्वर' यांचं संमतिपत्र मागितलं.

गेल्या रविवारी तो कागद घेऊन वाडीत गेला. धीर द्यायला मला बरोबर नेलं. बाबा एका वाकलेल्या केळीला टेकू देत होते.

"बाबा, एक गोष्ट तुमच्या नावावर आहे, ती माझ्या नावावर करायचीय. सही हवी."

मी कपाळाला हात लावला. आजूबाजूच्या किती वाड्या अशाच एका सहीने इमारतीखाली गेल्या, ते बाबांनी डोळ्यांदेखत पाहिलंय. ते मटकन बांधावर बसले. "तू कधी मागितली नाहीस, याचं मला फार कौतुक होतं रे," एवढंच म्हणाले.

मग आम्ही दोघांनी अर्धा तास समजावलं. वाडीचं नाही म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला.

"म्हणजे तिकडची माणसं माझं नाव घेतात?"

"रोज घेतात, बाबा."

त्यांनी एकेक अक्षर जपून लिहीत सही केली. कागद परत देताना सहज म्हणाले, "घाई असेल तर पाठव. नाहीतर मी गेल्यावर तुझ्याच नावावर होईल ना ते?"

मेहुण्याने कागद खिशात घातला. तो अजून पाठवलेला नाही. विचारायला काल मी फोन केला, तर मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "भावोजी, बाबांना आज जपानमधून एक सायटेशन आलं. ताईला सांगा." मुलाखत परवा आहे, याची त्याला आठवण करून द्यायचं माझ्या जिवावर आलं.