सातव्या पिंजऱ्यातली गाठ

कीटकगृहात तिला सगळे भिंगबाई म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला भिंग, ते जेवतानाही उतरत नसे. भाजीत अळी निघाली तर ती आधी तिची जात ओळखायची, मग बाजूला काढायची. एकोणीस वर्षांपूर्वी ती इथे बरण्या धुवायला लागली. बरण्या धुता धुता किडे पाळायला शिकली आणि आता अडलं की साहेबच तिच्या टेबलाशी येत. काही शिकलेल्यांना हे पचायला जड गेलं, पण पचवलं बिचाऱ्यांनी.

सहा वर्षं ती एकाच माशीमागे होती. माशी चिलटाएवढी. नदीकाठच्या बोरूच्या कोवळ्या देठात ती अंडी घालते, तिथे गाठ धरते आणि बोरूची वाढ खुंटते. हा बोरू म्हणजे परमुलखातून आलेलं उंच, पोकळ देठाचं गवत. दोन्ही काठ त्याने कधीच गिळले होते आणि तोडला की दुप्पट जोमाने उठत होता. दोन वर्षांपूर्वी त्यात तुंबलेलं पाणी तिच्या दादाच्या घरात शिरलं. गुडघेदुखीने बेजार असलेली वहिनी कमरेएवढ्या पाण्यात दाराची कडी धरून तासभर उभी होती. तेव्हापासून त्यांचे पलंग विटांवर होते. यंदा माशी सुटली तर थांबायचं, नाहीतर घर विकून लेकीकडे जायचं, असं दादाने ठरवलं होतं.

माशी सोडण्याआधी ती पिकांना शिवत नाही हे सिद्ध करावं लागतं. त्याची रीत क्रूर आहे. जाळीच्या पिंजऱ्यात फक्त मक्याची रोपं ठेवायची, माशा आत सोडायच्या आणि त्यांना उपाशी मरू द्यायचं. मक्यावर गाठ आली नाही तर माशी निर्दोष. बारा पिंजऱ्यांतल्या माशा चाळीस दिवसांपूर्वीच मेल्या होत्या. आज देठ तपासायचे आणि तीन वाजता माशी सोडायला समितीची सही.

सकाळी दादाचा फोन आला. "काय म्हणतात तुझ्या माशा? आज विटा काढू का?"

"संध्याकाळी काढ," ती हसून म्हणाली.

सहा पिंजरे स्वच्छ निघाले. सातव्यात, तिसऱ्या रोपाच्या देठावर, तिच्या बोटाला फुगवटा लागला. तिने भिंग लावलं. गाठ होती.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. रोप उपटून कचऱ्याच्या पिशवीत टाकायला किती वेळ लागतो? आणि गाठ खरी असली तर? काठावरचा सगळा मका, त्यात दादाचाही, तिच्याच हाताने माशीच्या तोंडी गेला असता. तिला स्वतःच्या मनाचीच भीती वाटली. तिने साहेबांना हाक मारली.

साहेबांसमोर तिने गाठ चिरली. आत पांढरी अळी वळवळत होती. साहेब स्टुलावर बसले. "संपलं, बाई. पाळलेल्या सगळ्या माशा भट्टीत घालाव्या लागणार."

भिंगबाई मात्र रोपाकडेच बघत होती. तिने प्रत्येक कुंडीत तीन दाणे पेरले होते. इथला एक रुजला नाही असं वाटत असतानाच उशिरा कोंब आला, तेव्हा ती खूष झाली होती. आता तिने ते रोप मुळासकट उपसून नळाखाली धरलं. माती वाहून गेली आणि खाली अंगठ्याएवढा गाठाळ कंद उरला.

"साहेब, हा मका नाही. बोरू आहे."

कोवळेपणी दोघं सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "म्हणजे माशी निर्दोष! बाई, जीवच काढलात की."

तिने आठव्या पिंजऱ्यातली कुंडी उपडी केली, मग नवव्यातली. अकराव्यातल्या कुंडीतही कंदाचा तुकडा निघाला.

"कुंड्यांची माती दादाच्या शेतातली आहे," ती म्हणाली. "तिथल्या मक्याची परीक्षा तिथल्याच मातीत व्हावी म्हणून मी मागवली. आतली मुळं, बिया मराव्यात म्हणून ती भाजून घ्यायचा नियम आहे. मी भाजली नाही. जिवंत माती हवी होती मला."

"असू द्या. मका तर स्वच्छ आहे ना?"

"माती बाराही पिंजऱ्यांत तीच. कुठे कुठे माशीपुढे बोरूचं ताट होतं, कोण सांगणार, साहेब? उपाशी राहिली असती तर मक्याला शिवली नसती, हे कुठे कळलं आपल्याला?"

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "समितीला हे दिसणार नाही," ते हळूच म्हणाले. पण मग त्यांनीच वही पुढे ओढली आणि चाचणी रद्द असं लिहिलं. खाली चूक कोणाची, तो रकाना तिने स्वतः भरला.

तीनला सही झाली नाही. चारला तिने दादाला फोन लावला. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. "पुन्हा पहिल्यापासून. एक वर्ष. चूक माझी आहे, दादा. तू घराचं काय ते बघ."

पलीकडे वहिनीचा आवाज आला, काय झालं म्हणून.

"माती मीच खणून दिली होती," दादा म्हणाला. "आता भाजून घेशील ना?"

"घेईन."

"मग येताना विटा घेऊन ये. पलंगांना अजून एक थर लागेल."