सतरा नंबरची चांदी

बायांनो, आज मला लई मिरवायचंय, म्हणून हातातलं काम टाकून लिहितेय.

माझी लेक सायली संशोधन करते. नाकाचा फोटो काढला की जनावर कोणतं ते मोबाईलनं ओळखायचं, हे तिचं काम. आपल्या अंगठ्यासारखा प्रत्येक गायीच्या नाकाचा ठसा वेगळा असतो म्हणे. दुष्काळातल्या चारा छावणीत जनावरांच्या कानातले बिल्ले तुटतात आन् मग कुणाची गाय कोणती यावर भांडणं. नाक कुठं तुटतंय!

आज सकाळी युसूफ वडगाव गावाजवळच्या आमच्या दूध सोसायटीच्या चारा छावणीत ती चाचणी घ्यायला आली. पण असल्या दुष्काळात पुढ्यात कडबा पडल्यावर कोणती गाय मान वर करंल? दोन तास फोटोत नुसते कान. इथं जमलं न्हाई तर काम दुसऱ्या गावाला जाणार होतं. पोरगी रडकुंडीला आली.

तेवढ्यात माझ्या सासूबाई दावणीपाशी गेल्या. "चांदेऽऽ!" चांदीनं मान वर केली. "गौरेऽऽ!" गौरीनं केली. महिनाभर छावणीतच मुक्काम, त्यामुळं लोकांच्या गायींचीही नावं त्यांना पाठ. दुपारपर्यंत सगळी नाकं नंबर लावून मोबाईलमधी आली.

मग चांदीला पुन्हा दाखवलं. मोबाईलनं बरोबर ओळखली.

"बघ आज्जी, सतरा नंबर!" सायली नाचलीच.

"सतरा म्हणून हाक मार बरं. बघती का ती?"

सायली कडब्याच्या पेंढीवर बसून नंबर खोडून नावं घालायला लागली. आज्जी सांगतेय, नात लिहितेय, आन् मी नुसती बघत उभी.

तुमच्या दावणीला कोण हाय? नाव सांगा.