बाहेरून लावलेलं कुलूप

माझा भाऊ ज्या खोलीत मेला, तिला बाहेरून कुलूप होतं.

आज वर्ष झालं. निखिल अठराचा होता. आमचं गाव केशोरी, त्याचं कॉलेज गोंदियाला, तिथंच भाड्याच्या खोलीत राहायचा. फर्स्ट इयर.

तीन वाजता फ्रेशर्स पार्टी होती. बाराला त्याचा फोन आला.

"ताई, मले नाचता नाही येत न. हे पोट्टे म्हणून राहिले, आधी रूमवर थोडी घेऊ, मंग लाज नाही वाटत."

"जास्त नको घेऊ," मी म्हटलं. आणि हसले.

गेटवर चेकिंग असते, म्हणून पोरं आधीच पिऊन जातात. मला माहीत होतं. आमच्या वेळीही तेच होतं.

नंतर त्याने फोन उचललाच नाही. मी करत राहिले.

बंद खोलीत फोन वाजतोय म्हणून संध्याकाळी घरमालकीण काकूंनी कुलूप तोडलं.

तोपर्यंत तो गेला होता.

मातीला त्याचे तीन मित्र आले. तिघांना वेगवेगळं विचारलं.

"दीदी, हम तो सीधे हॉल गए थे. वो रूम पे अकेला था."

तिघांचं वाक्य एकच. पाठ केल्यासारखं.

एकटा माणूस आत राहून बाहेरून कुलूप कसं लावेल?

वर्षभर मी त्यांची प्रोफाइल बघत होते. त्या पार्टीचा एकही फोटो नाही. आधी होते. सगळे डिलीट. काऊन?

मागच्या रविवारी त्यातला एक, आशिष, घरी आला. पाणी दिलं, प्यायला नाही.

"दीदी, कुलूप मीच लावलो. त्यानं उलटी केली, मंग झोपला. काकू वर आली असती तर रूम खाली करा लागली असती. वाटलं, दोन घंट्यात येऊ."

"त्याले उठवलं नाही काऊन?"

"उठवलो न. उठतच नव्हता."

उठतच नव्हता.
तरी हे नाचायला गेले.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, मारतील. त्यांनी खुंटीवरचा शर्ट घातला.

"चाल. ठाण्यात हेच सांग."

त्याने सांगितलं. जबाब झाला. बाकीचे दोघे अजून म्हणतात, आम्ही रूमवर नव्हतोच.

आशिषही सगळं बोलला असं मला वाटत नाही. बाटली कोणी आणली विचारलं की खाली बघतो.

सध्या फ्रेशर्सचे दिवस आहेत. जो उठत नाही, त्याला झोपला समजू नका. दवाखान्यात न्या. शिव्या नंतर खा.

निखिल, गावात कोणी कोणी म्हणतात, पोट्टा पेताडच असन. बाबा आता तिथं थांबून उत्तर देतात.

बाबू, आम्हा तिघांची तुला श्रद्धांजली. आई अजून बोलत नाही, म्हणून तिच्याही वतीने मीच लिहिते.