हातभर कबर

आमच्या गावच्या कबरस्तानात शांतवन भिंगारदिवेची कबर तो जिवंत असतानाच होती. हातभर लांब, वीतभर रुंद, उशाला एक काळा दगड. तिच्यात त्याचा उजवा हात पुरलेला आहे, असं तो आणि आम्ही सगळे एकोणीस वर्षं धरून चाललो होतो.

गाव नगर जिल्ह्यातल्या बेलापूरपासून दीड कोसावर. शांतवन तेव्हा पंचविशीचा, गावातले बागायतदार आबासाहेब यांच्या मळणी यंत्रावर कामाला. एप्रिलात गव्हाची मळणी चालू होती. दाणे कसे पडतायत ते बघून वळताना त्याची बाही पट्ट्यात गेली आणि पाठोपाठ हात. नगरच्या एका दवाखान्यात तो कोपराखाली काढावा लागला. सोबत एकटी मरियम, त्याची बायको. बावीस वर्षांची, लग्नाला वर्षही न झालेली. वॉर्डातल्या माणसानं तिच्या हातात हिरव्या कापडाचं गाठोडं दिलं आणि म्हणाला, "तुमच्या माणसाचा हाय. पुरायचा का काय ते तुमी बघा."

तीन आठवड्यांनी शांतवन घरी आला, तेव्हा कबरस्तानातल्या कोपऱ्यात दगड मांडलेला होता. मरियमनं तो त्याला लांबूनच दाखवला.

पुढं चर्चच्या मंडळीनं त्याला सभामंदिराची राखण दिली. डाव्या हातानं तो घंटा वाजवायचा, कबरस्तान झाडायचा. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि मंडळीचा सेक्रेटरी, म्हणून रोजची गाठ. त्याचा विश्वास अगदी सरळ होता. शेवटच्या दिवशी प्रभू हाक मारील, कबरी उघडतील आणि माणसं उठतील. नुसते आत्मे नव्हेत, हाडामांसाची, ओळखू येणारी माणसं. "मी उठलो का चार पावलं जाऊन माझा हात उचलायचा," असं तो हसून सांगायचा.

हे हसणं दुपारी बंद व्हायचं. ऊन डोक्यावर आलं की तो नसलेला हात मूठ आवळायचा. नखं तळव्यात रुतायची, मनगट पिळायचं. शांतवन सभामंदिराच्या पायरीवर बसून रिकाम्या बाहीकडं बघत घाम गाळायचा. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी शिरांचं काहीतरी कारण सांगितलं आणि गोळ्या दिल्या. शांतवननं गोळ्या घेतल्या, कारण घेतलं नाही.

खरं सांगायचं तर, मीही ते कधी धड घेतलं नाही. एकदा कबरस्तानाच्या भिंतीचं माप घ्यायला गेलो होतो. शांतवन लांब फाटकापाशी पाठमोरा झाडत होता. टेप ओढत मी मागं सरकलो आणि तिकडून तो ओरडला, "गुरुजी, पाय काढा!" खाली पाहिलं, तर माझी टाच काळ्या दगडाजवळच्या मातीवर होती. त्यानं वळून पाहिलं नव्हतं. तो खराटा टाकून खाली बसला होता आणि बाहीखालची हवा चोळत होता.

गेल्या वर्षी, ईस्टरला पंधरा दिवस असताना, त्यानं मला आणि मंडळीच्या पाळकसाहेबांना गाठलं.

"मला कबर उघडायचीय. हात मूठ आवळूनच पुरला गेलाय. तसाच उठला तर? फकस्त बोटं सरळ करतो आन् परत झाकतो."

पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं. मग म्हणाले, "हात तुझा आहे. मी कसा नाही म्हणू?"

मरियम मात्र म्हणाली, "पुरलेलं उकरू नका." हे तिनं तीनदा सांगितलं.

शनिवारी सकाळी कुदळ मी घेतली. शांतवन गुडघ्यावर बसून डाव्या हातानं माती ओढत होता. फूटभर गेलं, दोन फूट गेले. हाताचं हाड ते केवढं, सापडायला वेळ लागणार, असं म्हणत आम्ही माती चाळत राहिलो. कंबरेइतकं खोल गेल्यावर मी थांबलो. मुळ्या होत्या, खडक होता. कापडाची चिंधीसुद्धा नव्हती.

मरियम फाटकाशी उभी होती. ती आली आणि खड्ड्याच्या काठावर बसली.

"तिथं काई न्हाई," ती म्हणाली. "कवाच नव्हतं."

शांतवननं वर पाहिलं.

"गाडीत गाठुडं मांडीवर घेतलं हुतं. शेजारची बाई म्हनली, मटन हाय का? मी व्हय म्हनले." ती मातीकडं बघून बोलत होती. "मंग कापड वलं झालं. साडीला लागलं. कंडक्टर बघाया लागला, तशी मी राहुरीजवळ मुळा नदीच्या पुलापाशी उतरले. म्हनलं, हितंच पुरावा. हातानं वाळू उकरली, तर कुत्री जमली. चार-पाच. दगड मारले तरी हलंनात. पुरून गेले असते तर त्यांनी..."

तिनं काठावरची माती मुठीत घेतली, सोडली.

"मंग गाठुडं सोडलं. मूठ झाकल्याली हुती. एकेक बोट उघाडलं. आत गव्हाचे दाने हुते, तीन-चार. त्या हातात माझा हात घालून बसले. किती येळ ते ठावं न्हाई. मंग पान्यात सोडला. घरी येऊन तुमाला काय सांगायचं हुतं? म्हनून दगड मांडला."

शांतवननं हळू विचारलं, "सगळी बोटं उघाडलीस?"

"सगळी. आंगठा लई घट्ट हुता."

त्यानं बाहीकडं पाहिलं. मग म्हणाला, "मंग आत्ता कोन आवळतंय?"

ऊन चढलं होतं. मी खड्ड्यात उभा होतो, आणि माझ्या पायाखाली काही नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी घाईनं बाहेर आलो.

आठ दिवस तो मरियमशी बोलला नाही. ताट घ्यायचा, वेळेवर घंटा वाजवायचा, बस्स. पाळकसाहेब त्याच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "शांतवनभाऊ, जे समुद्रात बुडाले, आगीत गेले, त्यांनाही तो उठवणारच आहे. त्याला जागा विचारावी लागत नाही."

"त्याला ठावं असंल," शांतवन म्हणाला. "मला न्हाई ना. एकोनीस वर्सं मी दगडापाशी मेनबत्ती लावली."

त्याच दिवसांत मरियम माझ्या बायकोला म्हणाली, "बोलत न्हाईत त्याचं काई न्हाई, वहिनी. पन इतक्या वर्सांत मला आत्ता झोप लागाया लागली."

ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी फुलं आणि मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जमते. शांतवननं घंटा वाजवली, दोरी खुंटीला बांधली आणि मरियमला म्हणाला, "चल, मला जागा दाव." दोघं पहिल्या गाडीनं राहुरीला गेले. तिथं काय झालं ते मरियमनंच नंतर सांगितलं.

नदीला पाणी थोडंच होतं. पुलाखाली डबकं साचलेलं, काठाला बेशरमाची झुडपं. ती जागा तिनं लगेच ओळखली. शांतवननं बाही वर केली, ओणवा झाला आणि थोटा हात पाण्यात बुडवला.

"काय लागतंय?" तिनं विचारलं.

"वाळू," तो म्हणाला.

मरियमनं पाहिलं. थोटूक तळाच्या वीतभर वरच होतं.

ती घाबरली, पण उठली नाही. बऱ्याच वेळानं तो तिच्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "त्या दिवशी माझ्या संगंच ऱ्हा. समदे उठतील, लई गर्दी असंल. जागा तुलाच ठावी हाय."

"ऱ्हाईन की," ती म्हणाली. "कुठं जानार?"

त्यानंतर मूठ सुटली, असं मी सांगणार नाही. मागच्या आठवड्यात भर दुपारी मंडळीच्या कामासाठी मी त्याच्या घरी गेलो. दार उघडं होतं. शांतवन भिंतीला टेकून बसला होता, दात आवळून. मरियम त्याच्यासमोर बसून हवेतली बोटं एकेक करून उघडत होती. करंगळी, मग तिच्याशेजारचं, मग मधलं. अंगठ्याशी तिनं दोन्ही हात लावले. तिच्या कपाळावरची शीर वर आली होती.

मग शांतवनचा चेहरा सैल पडला. मरियमनं आपला पंजा त्या जागी ठेवला आणि तशीच बसून राहिली. तिचा हात अधांतरी होता, पण जराही हलत नव्हता, जसा काही कशावर तरी टेकलेला.

मी हाक न मारताच परतलो.