दत्तूची दुपार, हिराबाईची दुपार

"मॅडम, हितं आठ तासांच्या वर कुणी काम करत न्हाई," महाबळेश्वरचे हॉटेलमालक पवार ठासून सांगत होते.

"सकाळी सहाला लागतो, ते रातीच सुटतो," वेटर दत्तू म्हणाला. तक्रार त्याचीच होती.

मी कामगार अधिकारी. साताऱ्याहून तपासणीला गेले होते. पंचाईत अशी, की दोघंही खरं बोलत होते.

काम दोन तुकड्यांत चालायचं. सकाळी नाश्ता, संध्याकाळी जेवण. मधली दुपार मोकळी. पण दत्तू लांबच्या माण तालुक्यातला, दुपारी जाणार कुठं? मागच्या खोलीत युनिफॉर्मवरच पडून राहायचा. काम सुरू झाल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा वेळ, मधली विश्रांती धरून, त्याला स्प्रेड-ओव्हर म्हणतात. त्यालाही कायद्यात मर्यादा आहे. इथं ती ओलांडली होती.

"सगळ्यांना सलग शिफ्ट लावा," मी सांगितलं. पवारांनी लावली. मी फाइल बंद करायला घेतली.

तेवढ्यात हिराबाई सुट्टी काढून साताऱ्याच्या ऑफिसात आली. त्याच हॉटेलात भांडी घासणारी.

"आवं मॅडम, माझी दुपार का काढून घेतली?"

"अहो, तुमच्या भल्यासाठीच..."

"सासू अंथरुणाला खिळलीया. दुपारी घरी जाऊन तिला भरवायची, कूस बदलायची. आता हलताच येत न्हाई. म्हातारी उपाशी ऱ्हातीया. ह्ये कंच्या कायद्यात बसतं?"

जुनी पद्धत चालू द्यावी तर नियम मोडतो, नवी ठेवावी तर म्हातारीचे हाल. बरं, दत्तूला आणि हिराबाईला कायदा एकच.

पुन्हा घाट चढले. पवार वैतागले. "मॅडम, मी नक्की करू काय?"

"मलाही अजून कळलेलं नाही," मी म्हटलं आणि हिराबाईला विचारलं, "तुम्हाला पूर्ण दुपार लागते का?"

"न्हाई वं. दोन तास लय झाले."

मग गाडी रुळावर आली. तिला सकाळी जरा उशिरा बोलवायचं, दुपारी दोन तास सोडायचं, अंधाराआधी घरी पाठवायचं. सगळं मर्यादेत बसलं. दत्तूची सलग शिफ्ट तशीच राहिली.

पवारांनी मान्य केलं, पण जाता जाता विचारलंच, "मग पयल्यांदाच असं का न्हाई सांगितलं?"

तपासणीत तक्रार करणारा आपसूक भेटतो. न करणाऱ्याला शोधून भेटावं लागतं.